थोरले आणि धाकटे शब्द : एका लॅटिन प्रत्ययाचा प्रवास



इंग्रजी शिकतांना आपणांपैकीं बहुतेकांच्या वहीवर एकदां तरी लाल शाईची एक विशिष्ट रेघ उमटलेली असेल. 'तो माझ्याहून सीनियर आहे' हें वाक्य इंग्रजींत लिहितांना आपण सरळ मनानें 'दॅन' हें अव्यय घातलें, आणि मास्तरांनीं तें खोडून त्या जागीं 'टु' लिहिलें. 'बेटर', 'टॉलर', 'ओल्डर' यांच्यापुढें 'दॅन' चालतें. मग 'सीनियर', 'ज्यूनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' यांनींच काय पाप केलें? माझ्या मास्तरांना मीं हा प्रश्न विचारला, तेव्हां 'तसा नियमच आहे' एवढेंच उत्तर मिळालें. नियम पाठ झाला, पण मनांतली शंका गेली नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें कीं, त्या नियमाच्या मागें दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. आणि त्या इतिहासांत रोमचे मतदार, फ्रँकांचे राजे, लंडनचा नगराध्यक्ष, गोव्याचा सुतार आणि आपल्या गल्लींतील शाळामास्तर असे सारे एका पंक्तीला येऊन बसले आहेत. आज त्या पंक्तीची ओळख करून देण्याचा विचार आहे.

प्रथम या शब्दांचें कूळ पाहूं. लॅटिन भाषेंत 'सेनेक्स' म्हणजे वृद्ध. त्यापासून 'सेनिओर', म्हणजे दोघांतला अधिक वृद्ध. 'युवेनिस' म्हणजे तरुण. त्यापासून 'युनिओर', म्हणजे दोघांतला अधिक तरुण. 'सुपेरुस' वरचा, तर 'सुपेरिओर' अधिक वरचा. 'इन्फेरुस' खालचा, तर 'इन्फेरिओर' अधिक खालचा. 'माग्नुस' म्हणजे मोठा. 'मायोर' म्हणजे अधिक मोठा. आणि 'मिनोर' म्हणजे अधिक लहान. 'प्रिओर' म्हणजे दोघांतला पुढचा, 'पोस्तेरिओर' म्हणजे मागचा, 'इन्तेरिओर' म्हणजे अधिक आंतला, 'एक्स्तेरिओर' म्हणजे अधिक बाहेरचा. सारांश, इंग्रजींतील हे सगळे शब्द मूळचे तुलनावाचक आहेत. म्हणूनच 'मोर सुपीरियर' म्हणणें ही द्विरुक्ति ठरते. अधिकावर पुन्हा अधिक.

याच प्रत्ययाचें नपुंसकलिंगी रूप आपल्या मुलांच्या पाटीवर रोज उमटतें, पण तें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. 'मिनुस' म्हणजे अधिक थोडें, आणि 'प्लुस' म्हणजे अधिक पुष्कळ. हेच आपले 'मायनस' आणि 'प्लस'. योहानेस विडमान नांवाच्या गणितज्ञानें १४८९ सालीं लायपझिग येथें छापविलेल्या अंकगणिताच्या ग्रंथांत त्यांचीं आजचीं चिन्हें आढळतात. बेरीज-वजाबाकी करणारें प्रत्येक मूल नकळत लॅटिन तुलनाप्रत्यय गिरवीत असतें!

'मिनोर' या रूपांत शेवटीं 'र' आणि 'मिनुस' या रूपांत 'स', हा भेद कां, असें कोणी विचारील. मूळ प्रत्ययांत 'स' च होता. परंतु ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास लॅटिनमध्यें दोन स्वरांच्या मध्यें सांपडलेल्या 'स' चा 'र' झाला. सिसेरोनें आपल्या एका पत्रांत नमूद केलें आहे कीं, रोममधील एका कुळाचे पूर्वज स्वतःस पूर्वीं 'पापिसिउस' म्हणवीत व पुढें 'पापिरिउस' म्हणवूं लागले. एवढा लहानसा उच्चारबदल, पण तो सुटला कीं हा प्रत्यय एकदम ओळखीचा वाटूं लागतो. कारण त्या 'स' सह तो आपल्या घरींच आहे. संस्कृतमधील 'ईयस्' तो हाच.

१७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचें सगोत्रत्व सांगितलें; १८१६ सालीं जर्मन पंडित फ्रान्त्स बॉप यांनीं क्रियापदांच्या रूपांवरून त्याचें पद्धतशीर विवेचन केलें; आणि आपल्या मुंबईंत १८७७ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं विल्सन व्याख्यानमालेंत संस्कृतापासून आपल्या देशी भाषांपर्यंतची वाट उलगडून दाखविली. या शास्त्राच्या उजेडांत पाहिलें तर रूपें आपोआप जुळूं लागतात. 'गुरु' म्हणजे जड, लॅटिन 'ग्राविस'. त्याचा तुलनावाचक शब्द संस्कृतांत 'गरीयान्', लॅटिनमध्यें 'ग्राविओर'. 'लघु' म्हणजे हलका, लॅटिन 'लेविस'. इकडे 'लघीयान्', तिकडे 'लेविओर'. 'युवन्' पासून आपला 'यवीयान्' म्हणजे धाकटा, आणि त्यांचा 'युनिओर' म्हणजेही धाकटा.

इंग्रजी ही या कुटुंबांतील तिसरी बहीण. तिचा स्वतःचा 'अर' हा तुलनाप्रत्ययही मूळचा तोच. चौथ्या शतकांत बिशप वुल्फिला यांनीं बायबलाचें जें गॉथिक भाषांतर केलें त्यांत हा प्रत्यय 'इझा' अशा रूपांत दिसतो. पुढें इंग्रजींत त्याचाही 'र' झाला, आणि 'वर्स' सारख्या एखाद्या शब्दांत तेवढा जुना 'स' टिकून राहिला. तिघी बहिणींचें एकच उदाहरण द्यावयाचें तर गोडाचें देतों. संस्कृत 'स्वादु', लॅटिन 'सुआविस', इंग्रजी 'स्वीट' हा एकच शब्द. आणि 'स्वादीयान्', 'सुआविओर', 'स्वीटर' हीं त्याचीं तुलनावाचक रूपें. त्यापुढची पायरी म्हणजे संस्कृत 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट'. यजमानीणबाईंच्या शिऱ्याला आपण 'स्वादिष्ट' म्हणतों तेव्हां मूळ शब्दार्थानें तो 'सर्वांत गोड' असें प्रशस्तिपत्रच देत असतों. मात्र हें आपण इतकें विसरलों आहों कीं, 'ष्ठ' चा 'ष्ट' करून तो शब्द साध्या 'चवदार' या अर्थीं वापरतों.

विसर पडण्याची ही गोष्टच माझ्या आजच्या भाषणाचा खरा विषय आहे. तुलनेला नेहमीं दोघे लागतात. 'अमका मोठा' म्हणतां येतें, पण 'अधिक मोठा' म्हटलें कीं 'कोणाहून?' हा प्रश्न लगेच उभा राहतो. पाणिनीनेंही 'तर' आणि 'ईयस्' हे प्रत्यय दोघांच्या तुलनेसाठीं आणि 'तम' व 'इष्ठ' हे बहुतांतून एक निवडण्यासाठीं, अशी स्पष्ट वांटणी केली आहे. लॅटिनच्या या शब्दांचा इतिहास म्हणजे तो दुसरा माणूस हळूहळू कसा नाहींसा झाला याचा इतिहास होय.

रोममध्यें तो दुसरा माणूस समोर हजर होता. तेथें मुलींना स्वतंत्र नांव ठेवण्याची चाल नव्हती. कुळाचें नांव हेंच मुलीचें नांव. मग एका घरीं दोन मुली असल्या तर एक 'मायोर' आणि दुसरी 'मिनोर'. जूलियस सीझरच्या दोघी बहिणींचें नांव जूलियाच. एक थोरली जूलिया, एक धाकटी जूलिया. रोमच्या शतसभेंतही हीच जोडी दिसते. सतरा ते पंचेचाळीस वर्षांपर्यंतचे नागरिक 'युनिओरेस', आणि त्यापुढचे 'सेनिओरेस'. मत माणसागणिक नसून गटागणिक होतें, आणि तरुणांचे जितके गट तितकेच वडीलधाऱ्यांचे. लिव्हीच्या वर्णनाप्रमाणें पहिल्या वर्गांत चाळीस आणि चाळीस. आतां सेहेचाळिशीच्या पुढें गेलेलीं माणसें संख्येनें कमीच असणार. म्हणजे थोड्या वडिलांच्या मताला पुष्कळ तरुणांच्या मताइतकें वजन. थोरलेपणाचें अधिकारांत रूपांतर होण्याचा हा जुना दाखला आहे. रोमच्या कायद्यानेंही पंचवीस वर्षांखालील माणसास 'मिनोर' मानून त्याला फसवणुकीच्या व्यवहारांपासून संरक्षण दिलें होतें. आपल्या न्यायालयांत 'मायनर' आणि 'मेजर' हे शब्द तेथूनच आले. वयाची मर्यादा तेवढी १८७५ च्या कायद्यानें येथें सामान्यतः अठरा वर्षें ठरली. आपल्या 'अज्ञान' आणि 'सज्ञान' या शब्दांत ज्ञानाचा निकष आहे. लॅटिन शब्दांत नुसत्या मोठेपणाचा.

रोमचें साम्राज्य ढांसळलें आणि 'सेनिओर' हा शब्द घराबाहेर पडला. वडील माणसाला मान देण्याचा शब्द मालकाला, जमीनदाराला, सरदाराला लागूं लागला. फ्रान्समध्यें त्याचीं दोन रूपें झालीं. प्रथमेच्या रूपापासून 'सीर', आणि द्वितीयेच्या रूपापासून 'सेन्यर'. पहिलें इंग्लंडांत जाऊन 'सर' झालें. दुसरें आखूड होऊन 'माझे स्वामी' या अर्थाच्या 'मस्य' या संबोधनांत शिरलें. स्पेनमध्यें 'सेन्योर', इटलींत 'सिन्योरे', पोर्तुगालमध्यें 'सिन्योर'. कोणाहून वडील, हा प्रश्न आतां कोणी विचारीनासें झालें. वय गेलें, मान उरला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत लोकांना या शब्दांतील मालकीचा वास सहन होईना, म्हणून कांहीं वर्षें 'मस्य' ऐवजीं 'नागरिक' म्हणण्याची चाल पडली. पण संवय बळकट, शब्द परत आलाच. आणि आज एखादी पोर वर्गांत पंचविशींतल्या तरुण शिक्षकाला 'सर' म्हणते, तेव्हां ती नकळत त्याला 'म्हातारबुवा' असेंच म्हणत असते!

'मायोर' या शब्दाचें नशीब त्याहून विलक्षण. फ्रँकांच्या राजवाड्यांत 'मायोर दोमुस', म्हणजे 'घरांतला मोठा', असा एक अधिकारी असे. घरखर्च पाहणारा कारभारी. राजे दुबळे निघाले आणि कारभारी प्रबळ झाले. अखेरीस ७५१ सालीं पेपिन नांवाच्या या कारभाऱ्यानें तिसरा शिल्डरिक यास पदच्युत करून मठांत धाडलें आणि स्वतः मुकुट घातला. शार्लमेन हा त्याचाच पुत्र. आपल्या इतिहासांतील छत्रपति आणि पेशवे यांची आठवण येथें होणें साहजिक आहे. 'पेशवा' या फारसी शब्दाचा अर्थही 'पुढें असणारा', म्हणजे जवळजवळ लॅटिन 'प्रिओर' च. भेद इतकाच कीं, सर्व सत्ता हातीं येऊनही पेशव्यांनीं छत्रपतींची गादी नाममात्र कां होईना, राखली. पेपिननें ती घेतली.

याच 'मायोर' पासून फ्रेंचांचा 'मेर' आणि इंग्रजांचा 'मेयर' निघाला; लंडनचा पहिला मेयर हेन्री फिट्झ-एलविन सुमारें ११८९ पासून त्या पदावर होता. सैन्यांतला 'मेजर' ही त्याचाच सख्खा भाऊ. येथें एक कोडें आहे. मेजर हा लेफ्टनंटाहून वरचा. मग मेजर-जनरल हा लेफ्टनंट-जनरलच्या खालीं कां? उत्तर असें कीं, मूळची पदवी 'सार्जंट-मेजर-जनरल' अशी होती. पुढें 'सार्जंट' हा शब्द गळला, आणि 'मोठा सार्जंट' यांतला नुसता 'मोठा' शिल्लक राहिला. कोणांत मोठा, हें विसरलें कीं असे घोटाळे व्हावयाचेच.

परंतु मला सर्वांत मनोरंजक वाटते ती दुसरीच एक जोडी. लॅटिनमध्यें 'मागिस' म्हणजे अधिक, आणि 'मिनुस' म्हणजे कमी. या दोहोंना 'तेर' हा दुसरा प्रत्यय लागून 'मागिस्तेर' आणि 'मिनिस्तेर' असे शब्द झाले. हा 'तेर' म्हणजे आपला 'तर'. 'इतर', 'उत्तर', 'अंतर' या शब्दांतला. त्याचें मूळचें काम 'अधिक' सांगण्याचें नसून दोन पक्ष वेगळे करून दाखविण्याचें होतें. संस्कृतांत 'अश्वतर' म्हणजे घोड्याहून अधिक घोडा नव्हे, तर खेचर. घोड्यासारखें, पण घोड्याहून निराळें. तेव्हां 'मागिस्तेर' म्हणजे दोन पक्षांपैकीं वरचा, धनी. आणि 'मिनिस्तेर' म्हणजे खालचा, चाकर.

आतां पुढची गंमत पाहा. 'मागिस्तेर' आपल्याकडे अनेक वाटांनीं आला. पोर्तुगीजांबरोबर 'मेस्त्र' होऊन तो आला, आणि सुतार-गवंड्यांचा 'मेस्त्री' किंवा 'मिस्त्री' झाला. इंग्रजांबरोबर 'मास्टर' होऊन आला आणि शाळेंतला 'मास्तर' झाला. 'मास्टर' चाच उच्चार सैल होऊन 'मिस्टर' झालें. आणि कोर्टांतला 'मॅजिस्ट्रेट' ही याच घराण्यांतला. उलट 'मिनिस्तेर' हा चाकर प्रथम देवाचा सेवक म्हणून ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला, मग राजाचा सेवक म्हणून दरबारांत शिरला, आणि राजाची सत्ता ओसरत गेली तसा तोच सत्तेचा धनी झाला. आज मूळचा धनी हातांत रंधा किंवा खडू घेऊन उभा आहे, आणि मूळचा चाकर आला कीं सभागृहांत सर्वजण उठून उभे राहतात. मिनिस्टर लोकांचा सेवक आहे असें आपण व्यासपीठावरून ऐकतों, तेव्हां तें शोभेचें वाक्य वाटतें. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें मात्र तें अक्षरशः खरें आहे. आणि तें आचरणांतही खरें असावें, एवढी अपेक्षा लोकांनीं ठेवण्यास हरकत नाहीं.

येथवरची कथा हंसण्यावारी नेतां येईल. पण 'सुपीरियर' आणि 'इन्फीरियर' यांच्या बाबतींत तसें करतां येत नाहीं. मूळ अर्थ निव्वळ जागेचा होता : वरचा आणि खालचा. माडीवरचा माणूस वर आहे, कारण दुसरा तळमजल्यावर आहे. उद्यां जागा बदलतील. लॅटिन 'इन्फेरुस' हा आपल्या 'अधर' शब्दाचा सगोत्री, आणि इंग्रजी 'अंडर' ही त्यांचा भाऊ. त्याचें श्रेष्ठतादर्शक रूप लॅटिनमध्यें 'इन्फिमुस', आपल्याकडे 'अधम'. 'अधम' म्हणजे मूळ 'सर्वांत खालचा', एवढेंच. आज ती शिवी आहे. दोन्हीकडे एकच अपघात घडला. जागेचा शब्द जातीचा झाला, संबंधाचा शब्द स्वभावाचा झाला. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील पुष्कळ विद्वानांनीं आणि राज्यकर्त्यांनीं सबंध मानववंशांना 'इन्फीरियर' म्हटलें, आणि तें शास्त्र म्हणून शिकविलें. कोणाहून, कशांत, कोणत्या मापानें, हें विचारलें असतें तर तें शास्त्र तेथेंच अडखळलें असतें. आपणही उच्च आणि नीच हे शब्द माणसांना जन्मतः चिकटविले, तेव्हां याहून कांहीं निराळें केलें नाहीं.

'मेजॉरिटी' आणि 'मायनॉरिटी' यांच्याविषयींही हेंच. एक अधिक, दुसरी कमी. पण एकीवांचून दुसरीला अर्थच नाहीं. आपण भाषांतर केलें 'बहुसंख्य' आणि 'अल्पसंख्य'. त्यांत पुष्कळ आणि थोडे आले, पण तुलनेचा धागा गळाला. दोन्ही शब्द दोन वेगळ्या बेटांसारखे उभे राहिले. मूळ शब्द सांगतो कीं, हें एकाच सभेंतील दोन बाजूंचें परस्परांशीं असलेलें नातें आहे, आणि तें पुढच्या मतमोजणीला पालटूं शकतें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. इंग्रजींत हे शब्द तयार मूर्तीसारखे आले. त्यांच्या शेवटचा 'इओर' हा तुलनेचा प्रत्यय आहे हें इंग्रजांच्या कानाला कधीं जाणवलेंच नाहीं, म्हणून 'दॅन' जोडण्याची बुद्धि झाली नाहीं. 'ईक्वल' सारख्या साध्या संबंधवाचक विशेषणांप्रमाणें त्यांच्यापुढें 'टु' आलें. मास्तरांची ती लाल रेघ म्हणजे एका विस्मृतीची खूण होती. आपणही निराळें केलें नाहीं. 'सीनियर' ला आपण 'ज्येष्ठ', 'ज्यूनियर' ला 'कनिष्ठ' आणि 'सुपीरियर' ला 'वरिष्ठ' म्हणतों. हीं तिन्ही 'इष्ठ' प्रत्ययाचीं, म्हणजे 'सर्वांत' अशा अर्थाचीं रूपें. कचेरींत दहा जण 'सर्वांत वडील' असतात आणि कोणाला त्यांत विसंगति वाटत नाहीं.

शेवटीं या प्रत्ययाच्या मरणाची हकीकत. तो आपल्या माहेरीं फारसा जगला नाहीं. लॅटिनच्या लेकींनीं मोजके शब्द सोडून त्याला निरोप दिला. स्पॅनिश भाषा 'मागिस' पासून झालेला 'मास' हा शब्द विशेषणापूर्वीं लावते, फ्रेंच 'प्लुस' पासून झालेला 'प्ल्यू' लावते. मराठींतही 'ईयस्' उरला नाहीं. पण त्याच्या जागीं मराठीनें जो शब्द घेतला, त्याकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. आपण म्हणतों, 'रामापेक्षां गोविंद मोठा'. हें 'पेक्षां' म्हणजे संस्कृत 'अपेक्षा'. दुसऱ्याकडे पाहणें, दुसऱ्याचा विचार करणें. म्हणजे मराठींत मोठा म्हणवून घ्यावयाचें तर आधीं दुसऱ्याकडे पाहावें लागतें. त्याचें नांव आधीं, आपलें मागून. इंग्रजींत जो दुसरा माणूस हरवला, त्याला आपल्या रोजच्या बोलण्यानें वाक्याच्या अग्रभागीं बसविलें आहे. 'अमका श्रेष्ठ' असें कोणी ठासून सांगूं लागला तर आपण शांतपणें एवढेंच विचारावें : 'कोणापेक्षां?' उत्तर देण्यासाठीं त्याला मान वळवून शेजाऱ्याकडे पाहावेंच लागेल.